स्वच्छ आवाजाची किंमत : स्टील गिटार आणि तिचा ॲम्प्लिफायर

विजेवर वाजणाऱ्या गिटारचा इतिहास लिहिताना खांद्याला पट्टा लावून उभ्याने वाजवायची गिटार मध्यभागी ठेवण्याचा प्रघात पडला आहे. परंतु कालक्रम तपासला तर व्यापारी यश मिळवणारी पहिली विद्युत गिटार ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची स्टील गिटार होती, आणि गिटारचा ॲम्प्लिफायर हे यंत्रही आधी तिच्याच गरजेतून घडले, असे दिसते. पुढे हेच यंत्र दुसऱ्या गिटारने आपलेसे केले आणि तिच्या आवडीप्रमाणे त्याची घडण बदलत गेली, तेव्हा मूळ मालकावर बाजारात आपल्या जोगा ॲम्प्लिफायर शोधत फिरण्याची पाळी आली. स्टीलवादकांच्या वर्तुळात ‘स्वप्नातला ॲम्प्लिफायर कोणता’ ही चर्चा गेली सत्तर वर्षे न थकता चालू आहे; ती केवळ हौशी मंडळींची वस्तुपूजा नसून या वाद्याच्या घडणीतूनच निघालेली आहे, हे तिचा इतिहास पाहिल्यावर ध्यानात येते.

स्टील गिटारमध्ये डाव्या हाताची बोटे तारा दाबत नाहीत. त्या हातात पोलादाची गुळगुळीत कांडी असते आणि ती तारांवर हलकेच टेकवून पुढेमागे सरकवली जाते. तारा पट्टीपासून बऱ्याच उंच बसवलेल्या असतात, त्यामुळे पट्टीवरील पडद्यांच्या रेघा केवळ नजरेला खूण म्हणून उरतात आणि दोन स्वरांमधील सारे अंतर वादकाला मोकळे मिळते. हिंदुस्थानी संगीतात ज्याला मींड म्हणतात, ती येथे वाद्याच्या रचनेतच आहे. या पद्धतीचे जनकत्व सामान्यतः ओआहू बेटावरील लाइए गावच्या जोसेफ केकुकू यांना दिले जाते. १८८९ च्या सुमारास, कामेहामेहा शाळेत शिकत असताना, त्यांनी पोलादी वस्तू तारांवरून फिरवून हे तंत्र विकसित केले, असे मानतात. या श्रेयाचे आणखी दावेदार आहेत आणि त्यांपैकी गॅब्रिएल डेव्हियन हे नाव भारतीय वाचकाचे कुतूहल चाळवणारे आहे, कारण हा तरुण जन्माने भारतीय होता आणि एका खलाशाबरोबर हवाईला पोहोचला होता, असे जुन्या हकिगती सांगतात. मात्र त्या हकिगतींवर मोठा इमला उभारण्याइतका आधार नाही. १८९८ मध्ये हवाई बेटे अमेरिकेने आपल्या राज्यात सामील करून घेतली आणि १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनात हवाईयन वादकांनी एवढी गर्दी खेचली की पुढील दहापंधरा वर्षे अमेरिकेच्या मुख्य भूमीवर या संगीताची साथच पसरली.

ही लोकप्रियता वाद्याला पेलवेना. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारचे तोंड छताकडे असते, श्रोत्यांकडे नव्हे. शिवाय त्या काळातील नृत्यगृहांतून ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांच्या रांगेसमोर लाकडी पेटीचा नाद टिकणे अशक्य होते. लॉस एंजेलिसचे हर्मन वाइसेनबोर्न यांनी मान देखील आतून पोकळ ठेवून कोआ लाकडाच्या गिटारी बनवल्या. जॉन डोपिएरा यांनी १९२७ च्या सुमारास नॅशनल कंपनीच्या धातूच्या गिटारमध्ये ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे तीन शंकू बसवले आणि घोडीचे कंपन थेट त्या शंकूंवर सोपवले. सोल होओपी यांच्यासारख्या वादकांच्या ध्वनिमुद्रिकांत या धातूच्या वाद्याचा लखलखीत आवाज ऐकू येतो, आणि मायक्रोफोनसमोर तो पुरेसाही होता. भरलेल्या सभागृहात मात्र यंत्रकौशल्याची ही हद्दच होती. यापुढे आवाज वाढवायचा तर तो वाद्याच्या पोटात वाढवून भागणार नव्हते.

नॅशनल कंपनीशी संबंधित असलेले जॉर्ज बोशाँ हे स्वतः स्टीलवादक होते, आणि ही गोष्ट इतिहासात किरकोळ नाही, कारण प्रश्न त्यांना कानाने कळलेला होता. त्यांनी १९३१ मध्ये लाकडाचा जो नमुना तयार करवला त्याचे गोल अंग आणि लांब मान पाहून लोकांनी त्याला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणीचा तवा, असेच नाव दिले. १९३२ पासून ॲडॉल्फ रिकनबॅकर यांच्या भागीदारीत तो ओतीव ॲल्युमिनियममध्ये विकला जाऊ लागला. या वाद्यात नाद घुमवणारी पोकळी नव्हतीच. घोड्याच्या नालेच्या आकाराचे दोन लोहचुंबक तारांना वरून कवेत घेत, त्यांच्याखाली बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असे, आणि पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की वेटोळ्यात अत्यंत क्षीण विद्युत्प्रवाह उमटे. या उपकरणाला पुढे ‘पिकअप’ हे नाव रूढ झाले. ऑक्टोबर १९३२ मध्ये कॅन्सस राज्यातील विचिटा येथे गेज ब्रूअर यांनी हे वाद्य जाहीर कार्यक्रमात वाजवले. बोशाँ यांनी १९३४ मध्ये केलेला पेटंटचा अर्ज १९३७ मध्ये मंजूर झाला. हे यंत्र खरोखर वाजते की नाही याबद्दल परीक्षकांना शंका असल्याने हवाईयन वादकांना वॉशिंग्टनला पाठवून त्यांच्यापुढे वाजवून दाखवावे लागले, अशी हकिगत सांगितली जाते.

आता एक गोष्ट स्पष्ट होती : ॲम्प्लिफायरवाचून हे वाद्य म्हणजे ॲल्युमिनियमचा मुका ठोकळा होता. म्हणूनच गिटार आणि ॲम्प्लिफायर यांची जोडी एकत्र विकण्याची पद्धत पडली. यंत्राची रचना त्या काळच्या रेडिओवरून उचललेली होती : लाकडी पेटी, काही व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात काचनळ्या ज्या क्षीण संकेत टप्प्याटप्प्याने मोठा करतात, आणि एक स्पीकर. शक्तिमान कायमचे चुंबक तेव्हा स्वस्तात मिळत नसल्याने स्पीकरमध्ये विद्युतचुंबक बसवत आणि त्याला ॲम्प्लिफायरमधूनच वीज पुरवत. या यंत्रांची शक्ती जेमतेम काही वॉट असे आणि स्वराचा रंग बदलण्याच्या सोयी जवळजवळ नसत. गिब्सन कंपनीने १९३६ च्या सुमारास बाजारात आणलेल्या ‘ईएच-१५०’ या संचात हवाईयन पद्धतीची गिटार आणि सुमारे १५ वॉटचा ॲम्प्लिफायर मिळून किंमत १५० डॉलर होती, आणि तो आकडा नावातच घातलेला होता. जाझच्या इतिहासात विद्युत गिटारला एकलवादनाची प्रतिष्ठा मिळवून देणारे चार्ली ख्रिश्चन ज्या ॲम्प्लिफायरवर वाजवत तो हाच, म्हणजे स्टील गिटारच्या जोडीचा. साध्या विद्युत गिटारचा संसार उसन्या भांड्यांवर सुरू झाला, असे म्हणायला हरकत नाही.

हवाईयन संगीतातून हे तंत्र टेक्सासच्या नृत्यगृहांत शिरले आणि तेथे त्याला अगदी वेगळे वळण लागले. मिल्टन ब्राउन यांच्या वाद्यवृंदातील बॉब डन यांनी जानेवारी १९३५ मध्ये शिकागो येथे डेका कंपनीसाठी जे वादन केले, ते अमेरिकी ग्रामीण संगीतातील विद्युत स्टील गिटारचे पहिले ध्वनिमुद्रण मानले जाते. डन यांना समुद्राच्या लाटांचे सूचन करण्यात रस नव्हता, ते ट्रम्पेटवादकासारखे तुटक, आघातयुक्त स्वर वाजवत. पुढच्याच वर्षी बॉब विल्स यांच्या वाद्यवृंदातील लिऑन मॅकॉलिफ यांनी मुद्रित केलेल्या ‘स्टील गिटार रॅग’ने हा आवाज घरोघरी पोहोचवला. फिडल, ढोल आणि शेकडो पावलांच्या नृत्याच्या आवाजावर मात करण्यासाठी लहानशा ॲम्प्लिफायरची कळ शेवटपर्यंत फिरवली की व्हॉल्व्हची क्षमता संपे आणि आवाज चिरके. त्या काळच्या मुद्रणांत ऐकू येणारा खरखरीतपणा आज काहींना मोहक वाटत असला, तरी तो वादकांनी मागितलेला नव्हता. तो यंत्राचा नाइलाज होता.

या नाइलाजावर कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर या रेडिओदुरुस्ती करणाऱ्या माणसाने आपला व्यवसाय उभा केला. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वादकांनी आणलेली बिघडलेली यंत्रे उघडून कोणता भाग वारंवार जळतो, कोणती जोडणी सुटते, हे पाहत पाहत त्यांची दृष्टी तयार झाली. १९४५ मध्ये ‘डॉक’ कॉफमन यांच्यासह त्यांनी के अँड एफ या नावाने मांडीवरच्या स्टील गिटारी आणि त्यांच्या जोडीचे ॲम्प्लिफायर बनवण्यास आरंभ केला. त्यांवरचा सुरकुतलेला करडा रंग घरच्या स्वयंपाकघरातील ओव्हनमध्ये भाजून पक्का केला जाई, अशी आठवण सांगितली जाते. १९४६ मध्ये फेंडर यांनी स्वतःच्या नावाने जे ॲम्प्लिफायर काढले त्यांची पेटी कठीण लाकडाची, तोंडावर धातूच्या चकचकीत पट्ट्या आणि त्यांमागे लाल, निळे किंवा सोनेरी कापड अशी होती. या कंपनीची पुढे जगप्रसिद्ध झालेली उभ्याने वाजवायची गिटार १९५० मध्ये आली, याचा अर्थ पहिली काही वर्षे हा कारखाना मुख्यतः स्टीलवादकांवर जगला. नोएल बॉग्ज आणि मॅकॉलिफ हे वादक फेंडर यांची वाद्ये मंचावर नेत, आणि त्यांच्या तक्रारींतून पुढील आराखडे सुधारत. ग्राहकाचे म्हणणे मुकाट्याने ऐकून घेणारा कारागीर हा ग्राहकाच्या कलेत पारंगत असलाच पाहिजे असे नाही, याचे फेंडर हे उत्तम उदाहरण होय.

युद्धोत्तर काळात वाद्यच बदलले. मांडीवरच्या गिटारची मर्यादा अशी की तारा एका ठरावीक सुरावटीत लावलेल्या असतात आणि सरळ कांडी त्या साऱ्यांना सारख्याच अंतराने वर किंवा खाली नेते, म्हणून वाजवता येणारे स्वरमेळ मोजकेच. त्यावर उपाय म्हणून चार पायांच्या चौकटीवर वाद्य बसवून, खाली पेडल आणि सळया जोडून, वाजता वाजता निवडक तारांचा ताण बदलण्याची सोय झाली. पॉल बिग्सबी यांनी १९४८ मध्ये स्पीडी वेस्ट यांच्यासाठी असे पेडल स्टील बनवले होते. परंतु पेडलचा खरा चमत्कार लोकांना कळला तो वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात. त्यात बड आयझॅक्स यांनी तार छेडून झाल्यावर पेडल दाबला, त्यामुळे एक स्वर जागेवर राहिला आणि दुसरा त्याच्या शेजारून सरकत वर गेला. नोव्हेंबर १९५३ मध्ये मुद्रित झालेले हे गाणे १९५४ मध्ये गाजले आणि नॅशव्हिलमधील साऱ्या स्टीलवादकांनी आपापल्या वाद्यांना पेडल लावून घेतले.

ॲम्प्लिफायरच्या निवडीचा प्रश्न येथून खऱ्या अर्थाने अवघड झाला, आणि त्याची कारणे सविस्तर पाहण्यासारखी आहेत. पहिले कारण पायाखालचे. पेडल स्टील वाजवणाऱ्याचा उजवा पाय बहुतेक सर्व काळ आवाजाच्या पेडलवर असतो. तार छेडली की आघाताचा क्षण मोठा असतो आणि नंतर नाद झपाट्याने क्षीण होतो. वादक छेडताना पेडल अर्धवट ठेवतो आणि नाद ओसरू लागताच तो हळूहळू पुढे दाबतो, त्यामुळे स्वर गजाने वाजवल्यासारखा सलग लांबतो. याचा अर्थ असा की पेडल अर्धवट असतानाच आवाज सभागृहाला पुरेल असा ॲम्प्लिफायर लावावा लागतो, आणि त्याच्यावर बरीच राखीव शक्ती शिल्लक ठेवावी लागते. कानाला आवाज साधारण दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दसपट लागते. तेव्हा १० वॉटवर सुखाने चाललेल्या वादकाचा पाय जरा पुढे असताना तार छेडली गेली, तर क्षणभर १०० वॉटची मागणी होऊ शकते. ती पुरवता आली नाही की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो.

दुसरे कारण स्वरशास्त्रातले आहे. फाटलेल्या आवाजात एकट्या स्वराला काटेरी झळाळी येते, ती अनेकांना आवडते. पण दोन स्वर एकत्र फाटले की त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज आणि वजाबाकी यांचेही स्वर निर्माण होतात, जे कोणी वाजवलेले नसतात. पेडल स्टीलच्या प्रचलित ‘ई नाइन्थ’ मेळात पहिला पेडल दाबला की सुमारे २४७ कंपनांचा स्वर सुमारे २७७ वर चढतो, म्हणजे ‘ई’ हा षड्ज धरल्यास पंचमाचा धैवत होतो. वर ३३० कंपनांचा षड्ज स्थिर असतो. स्वच्छ ॲम्प्लिफायरवर हे वळण अतिशय गोड लागते. आवाज फाटत असेल तर मात्र त्या दोहोंच्या वजाबाकीचा तिसरा स्वर खाली उमटतो, आणि तो ८३ वरून ५३ कंपनांकडे, म्हणजे चढणाऱ्या स्वराच्या नेमक्या उलट दिशेने, घसरत जातो. वादकाने चढवलेली मींड आणि यंत्राने उतरवलेली मींड एकमेकांवर आदळतात, आणि ज्या क्षणासाठी हे सारे लोखंडी जाळे उभारले तोच क्षण गढूळ होतो. स्टीलवादकांचा स्वच्छ आवाजाचा आग्रह हा सोवळेपणा नाही, तो वाद्याच्या व्याकरणाचा भाग आहे. याला तिसरे कारण जोडायचे तर कांडी आणि तार दोन्ही पोलादाच्या असल्याने वरचे आणि मधले स्वरांश टोचणारे निघतात, आणि दुसऱ्या, ‘सी सिक्स्थ’ या मेळातील सर्वांत खालची तार तर ६५ कंपनांपर्यंत उतरते. लहान स्पीकरला ती झेपत नाही. १५ इंची स्पीकरबद्दल या मंडळींना जे ममत्व आहे ते यातून आले.

त्या ममत्वाला मूर्त रूप दिले ते टेंपल सिटी, कॅलिफोर्निया येथील बॉब क्रुक्स यांनी. त्यांच्या स्टँडेल कंपनीने १९५३ मध्ये ‘२५एल१५’ हा ॲम्प्लिफायर काढला. नावातील २५ हा आकडा वॉटचा आणि १५ हा स्पीकरच्या व्यासाचा होता. आकड्याने २५ वॉट थोडे वाटतात, परंतु त्यात बसवलेला जेबीएल कंपनीचा ‘डी-१३०’ हा स्पीकर मिळालेल्या विजेचे आवाजात रूपांतर करण्यात फार काटकसरी होता. जेम्स लान्सिंग यांनी रचलेल्या या स्पीकरचे वेटोळे ४ इंच व्यासाचे, ॲल्युमिनियमच्या चपट्या फितीचे होते आणि मध्यभागी ॲल्युमिनियमचा घुमट होता. स्पीडी वेस्ट, मर्ल ट्रॅव्हिस आणि जो मॅफिस यांच्यासारख्यांनी स्टँडेल वापरला, आणि वेस्ट यांच्या १९५० च्या दशकातील मुद्रणांतील काचेसारखा आवाज हा पुढील पिढ्यांचा मापदंड ठरला. फेंडर यांनीही नंतर काही मॉडेलांत याच स्पीकरची सोय ठेवली. फेंडरचा दोन स्पीकरचा ‘ट्विन’ १९५२ मध्ये २५ वॉटच्या आसपास होता, तो दशक संपता संपता ८० वॉटपर्यंत पोहोचला, आणि १९६३ च्या ‘ट्विन रिव्हर्ब’मध्ये स्प्रिंगच्या साहाय्याने सभागृहाचा घुमारा निर्माण करणारी सोयही आली. पुढील दहा वर्षे नॅशव्हिलच्या मंचांवर स्टीलवादकाच्या मागे बहुधा हाच डबा दिसे.

मात्र याच सुमारास ॲम्प्लिफायरच्या बाजाराचे तोंड फिरले. लिंक रे यांनी १९५८ च्या ‘रंबल’साठी स्पीकरच्या कागदाला भोके पाडली होती, १९६४ मध्ये लंडनमध्ये डेव्ह डेव्हिस यांनी स्पीकरचा शंकू पात्याने चिरला, आणि जिम मार्शल यांनी फेंडरच्याच एका आराखड्यावरून बनवलेले ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजावर फाटू देण्यासाठीच विकत घेतले जाऊ लागले. तीस वर्षे ज्या दोषाशी अभियंते झगडले तो दोष आता मालाचा गुण झाला, आणि गिटारवादकांची संख्या पाहता कारखानदारांनी त्यांची बाजू घेतली यात नवल नाही. जानेवारी १९६५ मध्ये फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएसला १३ दशलक्ष डॉलरना विकली. त्यानंतरच्या मालाला गिटारवादकांनी नाके मुरडली, विशेषतः १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील १३५ वॉटच्या ट्विन रिव्हर्बला, कारण तो काही केल्या फाटत नसे. स्टीलवादकांनी मात्र नेमक्या त्याच कारणासाठी तो जपून ठेवला. एकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याला लाभावी, असे या इतिहासात अनेकदा घडलेले आहे.

यातील सर्वांत मोठा लाभ ट्रान्झिस्टरचा. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये स्पीकरशी जुळवून घेण्यासाठी लोखंड-तांब्याचा जड ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि शक्ती वाढली की त्याचे वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. ट्रान्झिस्टरला तो लागत नाही, म्हणून २०० वॉट ही मजल आवाक्यात येते. त्याची खोट अशी की क्षमता संपली की ट्रान्झिस्टर व्हॉल्व्हसारखा हळूहळू न फाटता एकदम आणि कर्कश फाटतो. ज्यांना फाटलेला आवाज हवा होता त्यांनी म्हणून तो नाकारला. क्षमतेच्या टोकाला जायचेच नाही, अशा वादकाला या खोटीशी कर्तव्य नव्हते. मिसिसिपी राज्यातील मेरिडियन येथे हार्टली पीव्ही यांनी १९६५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने १९७० च्या दशकात ‘सेशन ४००’ आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ‘नॅशव्हिल ४००’ हे सुमारे २०० वॉटचे, १५ इंची स्पीकरचे ॲम्प्लिफायर मुख्यतः स्टीलवादक डोळ्यांसमोर ठेवून काढले. त्यांतील एक कळ विशेष उल्लेखनीय आहे : मधल्या पट्ट्यातील कोणती कंपनसंख्या कमी करायची हे ती फिरवून ठरवता येई, आणि बहुतेक वादक ती ८०० च्या आसपास ठेवून तेथला टोचणारा भाग कापून टाकत. स्पीकर निकामी झाला तर मागचा जड चुंबक तसाच ठेवून पुढचा शंकू आणि त्याची चौकट स्क्रू काढून बदलता येई, ही सोय रात्री एका गावी आणि सकाळी दुसऱ्या गावी असणाऱ्या वादकांना फार मोलाची होती. वेब आणि इव्हान्स हे याच पंथातले आणखी दोन ॲम्प्लिफायर. संख्येने थोडे, पण मालकांनी सहसा न विकलेले.

स्वच्छतेच्या या नियमाला अपवाद नाहीत असे नाही. कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल पंथाच्या ‘हाउस ऑफ गॉड’ चर्चमध्ये १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून ट्रोमन आणि विली ईसन या बंधूंनी स्टील गिटार उपासनेत आणली. तेथे तिने प्रार्थनेला साथ देण्यापुरते न थांबता प्रवचनकाराच्या आवाजाशी सवालजवाब केले, आणि तिच्या घशाला थोडी खर असणे हे त्या परंपरेत उणेपण मानले गेले नाही. रॉबर्ट रँडॉल्फ यांच्या वादनातून ही शैली अलीकडे जगभर पोहोचली. ‘स्नीकी’ पीट क्लाइनो यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी पेडल स्टीलला मुद्दाम आवाज फाडणारे यंत्र जोडले. डेव्हिड लिंडली यांनी जॅक्सन ब्राउन यांच्यासोबत मांडीवरच्या स्टीलला जो दीर्घ, भरदार, किंचित चिरका स्वर दिला, त्यामागे कॅलिफोर्नियातील अलेक्झांडर डंबल यांनी एकेका वादकासाठी हाताने बांधलेले ॲम्प्लिफायर होते. आज ते वापरण्यापेक्षा साठवण्याचीच वस्तू होऊन बसले आहेत. अशा वादनाचा भर मुख्यतः एकेकटा स्वर लांबवण्यावर असतो, तीन तारांचा मेळ सरकवण्यावर नव्हे, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

भारतात या वाद्याचा प्रवास वेगळ्या मार्गाने झाला. हवाईयन वादक ताऊ मोए यांचे कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोलकात्यात राहिले, आणि त्या शहरात ‘हवाईयन गिटार’ शिकण्याची जी परंपरा रुजली तिला त्यांच्या वास्तव्याने बळ दिले. मुंबईत व्हॅन शिपली आणि एस. हजारा सिंग यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या चाली विद्युत गिटारवर वाजवून मुद्रित केल्या. शब्द वगळूनही गाणे ओळखू येते ते मींडेमुळे, हे या ध्वनिमुद्रिका ऐकणाऱ्या मराठी घरांना वेगळे सांगावे लागले नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी तेच वाद्य रागसंगीतात आणले, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने ते दूरवर पोहोचले; विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा ही त्या धारेतील पुढची पायरी. पेडलची यंत्रणा मात्र येथे रुजली नाही, कारण रागसंगीताला स्वरमेळ बदलण्याची गरज नसते. आणि त्यामुळे प्रचंड राखीव शक्तीच्या ॲम्प्लिफायरची निकडही येथे तेवढी भासली नाही. मैफलीत मायक्रोफोन किंवा साधा पिकअप आणि सभागृहाची ध्वनियंत्रणा एवढ्यावर काम भागते.

अमेरिकेतील स्टीलवादकाचा आजचा शत्रू फाटणारा आवाज नसून वजन आहे. दोन मानांचे पेडल स्टील त्याच्या पेटीसह उचलणे हेच एक काम असते, त्यात जेबीएल स्पीकर घातलेला ट्विन ३० किलोच्या पुढे जातो, आणि या वाद्याचे अनेक निष्णात वादक साठीपुढचे आहेत. निओडायमियम या धातूच्या हलक्या चुंबकांचे स्पीकर आणि वेगाने चालू-बंद होऊन वीज वाचवणारे ‘डी’ वर्गाचे ॲम्प्लिफायर यांनी गेल्या दोन दशकांत हे ओझे निम्म्यावर आणले. सभागृहांसाठी शक्तिशाली ॲम्प्लिफायर बनवण्यात आयुष्य घालवलेल्या पॅट क्विल्टर यांनी तर स्टीलवादकांसाठी खास मॉडेलही काढले. जुन्या लाकडी फेंडरची किंवा स्टँडेलची किंमत संग्राहकांनी वाढवून ठेवली आहे आणि दिवाणखान्यात त्यांना तोड नाही. रात्रीचा कार्यक्रम निभावून नेणारे यंत्र म्हणून पाहिले, तर सेकंडहँड बाजारात त्यांच्या किमतीच्या लहानशा अंशात मिळणारा काळा, चौकोनी, रूपाने अगदीच सामान्य असा नॅशव्हिल ४०० हाच या वाद्याच्या व्याकरणाला अधिक प्रामाणिक आहे, आणि स्टील गिटारपुरता तरी स्वप्नातल्या ॲम्प्लिफायरचा मान त्यालाच द्यावा लागेल.